मिरचीची आग, विंचवाचा डंख

वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगमध्ये पाहुण्याच्या ताटात ठेचा पडला, की त्याचे कान लाल होतात आणि कपाळाला घाम फुटतो. ठेचा रगडणाऱ्या बाईच्या बोटांची आग तर नुसत्या पाण्याने जात नाही, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. आधी तेल चोळून मग साबण लावला, तर उतार पडतो.

आग आणि लाली अशा जोडीनेच का येतात? कॅप्सेसिन मज्जातंतूवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतं, तोच ग्राहक साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही जागा होतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये तो हुडकला; २०२१ च्या नोबेलमध्ये या शोधाचा वाटा आहे. पण चटका कळवणं एवढंच त्या मज्जातंतूचं काम नाही. मेंदूकडे वर्दी जाते आणि त्याच वेळी तंतूच्या त्वचेतल्या टोकांतून रसायनंही बाहेर पडतात. वेदना कळवणारी नसच रक्ताची वाट मोकळी करते, हे १९०१ मध्ये बेलिस यांनी दाखवलं, तेव्हा पचायला जड होतं. पुढे थॉमस लुइस यांनी ओरखड्याभोवती पसरणारी लाली तपासली. त्या भागाची संवेदी नस तोडून ती सुकू दिली, की लाली पसरतच नाही!

ती रसायनं म्हणजे न्यूरोपेप्टाइड, अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या. त्यांतलं पहिलं, सबस्टन्स पी, फॉन ऑयलर आणि गॅडम यांना १९३१ मध्ये घोड्याच्या आतड्यात व मेंदूत सापडलं. त्याची अकरा कड्यांची रचना कळायला १९७१ उजाडलं. ते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावरच्या ग्राहकाला लागतं, अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि बाहेरचा स्नायू सैल होतो. वाहिनीतून द्रव झिरपून सूज येते, तीही याच्याच करणीने. असंच दुसरं पेप्टाइड, सीजीआरपी, ३७ कड्यांचं. ते थेट स्नायूवरही काम करतं: पेशीत सायक्लिक एएमपी वाढतं आणि आकुंचनाला लागणारं कॅल्शियम हटतं. १९८५ मध्ये सुसान ब्रेन आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या त्वचेत त्याची नगण्य मात्रा टोचली, तर लाली काही तास टिकली. त्याचा ग्राहक दोन प्रथिनांनी मिळून बनतो, हे १९९८ मध्ये उलगडलं. एकटं प्रथिन तिथे निरुपयोगी.

नसा वाहिन्या आवळतातही, आणि तो हिशेब कोकणात जिवावर बेतत होता. लाल विंचवाचं विष नसांमधले सोडियमचे मार्ग उघडेच ठेवतं. नॉरअ‍ॅड्रेनालिनचा वाहिन्या आवळणारा लोंढा सुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो आणि मग फुप्फुसात पाणी भरतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांना प्राझोसिन दिलं आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याची नोंद केली. हे साधं, स्वस्त औषध वाहिनीवरचे अल्फा ग्राहक अडवतं, त्यामुळे आवळलेली वाहिनी सैल होते. जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या या डॉक्टरांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. खरं तर बऱ्याच उशिरा. वाहिन्या आवळणाऱ्या नसांच्या टोकांत न्यूरोपेप्टाइड वाय नावाचं आवळणारं पेप्टाइडही असतं. त्याचे ग्राहक वेगळे, प्राझोसिन तिथे पोचत नाही.

सैल करणारी पेप्टाइडंही दरवेळी भलंच करतात असं नाही. अर्धशिशीच्या झटक्यात डोक्यातल्या नसांतून सीजीआरपी सुटतं, हे लार्स एडविनसन आणि पीटर गोड्सबी यांनी दाखवलं. त्याचा ग्राहक अडवणारं एरेनुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. अर्धशिशी कमी झाली; पण औषध बाजारात आल्यावर काही रुग्णांचा रक्तदाब वाढल्याचं दिसलं आणि २०२० मध्ये तशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकात छापावी लागली.