कम्युनिटी कॉलेज : दार उघडे आहे, पण पुढे जिना आहे का?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये दोन प्रकारची पत्रके फिरू लागतात. एक खासगी महाविद्यालयांची, ज्यांची फी वाचूनच घरातली माणसे गप्प होतात. दुसरी तीन किंवा सहा महिन्यांच्या 'कौशल्य' अभ्यासक्रमांची, ज्यांवर फीपेक्षा नोकरीची हमी मोठ्या अक्षरांत असते. वस्तीपातळीवर काम करताना तरुण-तरुणी आम्हाला हमखास विचारतात : डिग्री करू की स्किल घेऊ?

आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. हातातले काम आणि विद्यापीठाची पदवी या दोन वेगळ्या वाटा असल्याच पाहिजेत, असा काही निसर्गनियम नाही. या दोन्ही गोष्टी एकाच छताखाली आणणारी सार्वजनिक संस्था जगात शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तिचे नाव कम्युनिटी कॉलेज. तिने काय साधले आणि ती कुठे कमी पडली, हे दोन्ही आपण समजून घेतले पाहिजे, कारण हाच शब्द आता आपल्याकडच्या धोरणांतही आला आहे.

ही संस्था नेमकी काय आहे?

अमेरिकेतील सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज हे एका ठरावीक परिसरासाठी असते. त्या परिसरातल्या शाळा संपवलेल्या जवळपास कुणालाही तिथे प्रवेश मिळतो. गुणांची चाळणी नसते. दोन वर्षांची 'असोसिएट' पदवी घेता येते किंवा काही महिन्यांचे कामाचे प्रमाणपत्र. शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढांना शाळेच्या बरोबरीची परीक्षा देण्याची तयारी करता येते, स्थलांतरितांना इंग्रजी शिकता येते. वर्ग सकाळी असतात तसे संध्याकाळीही असतात. फी विद्यापीठापेक्षा बरीच कमी असते. त्यामुळे अठरा वर्षांची मुलगी आणि कारखाना बंद पडलेला चाळिशीतला कामगार एकाच बाकावर बसू शकतात.

जोलिएटचे उदाहरण

शिकागोजवळ जोलिएट नावाचे शहर आहे. चुनखडीच्या खाणी आणि पोलाद यांवर वाढलेले, कामगारांचे शहर. तिथल्या माध्यमिक शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी 1901 मध्ये एक प्रयोग केला. विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास गावातल्या शाळेतच शिकवायचा. पहिल्या तुकडीत विद्यार्थी होते फक्त 6. आज जोलिएट ज्युनियर कॉलेज हे अमेरिकेतील सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज म्हणून ओळखले जाते.

या कॉलेजात नर्सिंग, वेल्डिंग, वाहनदुरुस्ती, स्वयंपाक-व्यवसाय शिकवले जातात. शेती शिकवण्यासाठी स्वतःची जमीन आहे. त्याच संस्थेत गणित, इतिहास, समाजशास्त्रही शिकवले जाते आणि ते शिकून विद्यार्थी चार वर्षांच्या विद्यापीठात पुढे जातात. इलिनॉय राज्यात 1998 पासून अशी व्यवस्था आहे की कम्युनिटी कॉलेजात पूर्ण केलेले सामान्य अभ्यासाचे ठरावीक विषय सहभागी विद्यापीठे मान्य करतात. विद्यार्थ्याला तोच विषय पुन्हा शिकावा लागत नाही. आम्ही 'जिना' म्हणतो तो हाच.

पैसा येतो तीन ठिकाणांहून : स्थानिक मालमत्ता कर, राज्याचे अनुदान आणि विद्यार्थ्यांची फी. कारभार पाहणारे विश्वस्त परिसरातले मतदार निवडून देतात. मंडळावर विद्यार्थ्यांनी निवडलेला एक प्रतिनिधीही बसतो. कोणता अभ्यासक्रम सुरू करायचा, कोणता बंद करायचा, हे विचारण्याचा हक्क त्यामुळे करदात्या जनतेला आहे. आपल्याकडे वस्तीतल्या प्रशिक्षण केंद्राबद्दल हा हक्क कुणाला आहे, हा विचार मनात येतोच.

उघड्या दाराची दुसरी बाजू

1944 च्या कायद्याने युद्धातून परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी पैसा मिळाला आणि महाविद्यालये भरून गेली. कागदावर हा कायदा सर्वांसाठी होता. पण दक्षिणेकडील वंशभेदामुळे कृष्णवर्णीय सैनिकांना त्याचा लाभ घेणे फार अवघड गेले. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्चशिक्षण आयोगाने 1947 मध्ये देशभर कम्युनिटी कॉलेजांचे जाळे उभारण्याची शिफारस केली आणि शिक्षणातल्या वंशभेदावरही बोट ठेवले. त्या मुद्द्यावर आयोगाच्या चार सदस्यांनी असहमती नोंदवली. म्हणजे दार सर्वांना उघडे असावे, ही गोष्ट तिथेही भांडूनच मिळवावी लागली.

दार उघडल्यावर काय झाले? समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील ज्युनियर कॉलेजचा अभ्यास करून 1960 मध्ये एक अस्वस्थ करणारी मांडणी केली. विद्यापीठात जाण्याचे स्वप्न घेऊन आलेल्या अनेक विद्यार्थ्यांना चाचण्या, समुपदेशन आणि 'तुझ्यासाठी हेच योग्य' अशा सौम्य सल्ल्यांतून छोट्या अभ्यासक्रमांकडे वळवले जाते. कुणी त्यांना हाकलत नाही. त्यांची आकांक्षा हळूहळू थंड केली जाते आणि शेवटी विद्यार्थ्याला वाटते की आपणच कमी पडलो. आजही तिथे पदवीचे ध्येय घेऊन कम्युनिटी कॉलेजात आलेल्यांपैकी थोड्यांनाच ती पदवी मिळते. त्यात गरीब आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी अधिक मागे राहतात.

आपल्या समाजाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी दाखवून दिले की जातिव्यवस्था कामाबरोबर माणसांचीही वाटणी करते आणि त्यांना एकावर एक रचते. 'तुम्ही हाताने काम करणारे, तुम्हाला पुस्तकाची काय गरज' हे वाक्य आता कुणी उघड बोलत नाही. पण बौद्ध वस्तीत फक्त शिवण, प्लंबिंग आणि हाऊसकीपिंगचे वर्ग आले आणि त्यांपुढे कोणताच रस्ता नसला, तर निष्पत्ती तीच राहते. ही कामे हलकी नाहीत; पुढची वाट बंद ठेवणे हा अन्याय आहे.

आपल्याकडे काय आहे?

कमावत्या माणसासाठी महाविद्यालय, ही कल्पना आपल्याला नवी नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. 1950 मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढून बाबासाहेबांनी उच्चशिक्षण मराठवाड्याच्या दारात नेले. पण या संस्थांनी विद्यार्थ्याला कमी अभ्यास दिला नाही. पूर्ण पदवी दिली. वेळ कामगाराच्या सोयीची आणि शिक्षण पूर्ण दर्जाचे, हे सूत्र आम्हाला आजही महत्त्वाचे वाटते.

भारतात कम्युनिटी कॉलेजचा प्रयोग पाँडिचेरी विद्यापीठाने 1995 मध्ये केला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2013 पासून अशा महाविद्यालयांसाठी योजना आणली. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून नोकरी करणाऱ्यांना पदवी देत आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडण्याची आणि पुन्हा परतण्याची सोय सांगितली आहे. मिळवलेले क्रेडिट जमा ठेवण्यासाठी 2021 मध्ये शैक्षणिक क्रेडिट बँक सुरू झाली.

म्हणजे कागदावर जिन्याचे तुकडे आहेत. पण पैसे संपले म्हणून पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलेली मुलगी परत येईल तेव्हा तिच्यासाठी जागा, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह असेल का? नसेल, तर बाहेर पडण्याची सोय ही गळतीलाच दिलेले सन्मानाचे नाव ठरेल.

प्रवेश घेण्याआधी विचारायचे प्रश्न

कोणत्याही अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमाला नाव घालण्यापूर्वी हे प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा.

1. प्रमाणपत्र कोण देते? ती संस्था सरकारमान्य आहे का?
2. या अभ्यासक्रमाचे क्रेडिट मिळते का आणि ते पुढे डिप्लोमा किंवा पदवीला धरले जाते का?
3. महाडीबीटीवर या अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती मिळते का?
4. मागच्या तुकडीतले किती जण आज त्याच कामावर आहेत आणि किती पगारावर?
5. मूळ कागदपत्रे ठेवून घेतली जातात का? घेत असतील तर सावध व्हा.

कार्यकर्त्यांसाठी एक काम आम्ही सुचवतो. आपल्या तालुक्यातल्या आयटीआय, कौशल्य केंद्र आणि मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राला हेच प्रश्न विचारा. माहितीचा अधिकार वापरा. आलेली उत्तरे विहारातल्या फळ्यावर लावा. निकालाच्या आठवड्यात एक टेबल टाकून बसा. जयंतीच्या मिरवणुकीला आपण जेवढे मनुष्यबळ उभे करतो, त्याचा दहावा भागही या कामाला पुरेल.

डिग्री की स्किल, असे कुणी विचारले तर आपले उत्तर एकच असावे : दोन्ही, आणि एकातून दुसऱ्यात जाण्याचा रस्ता लेखी द्या.

जय भीम!