उपग्रह दळणवळणासाठी संहत कंप्रता-निवडक पृष्ठभागांची रचना

१९७७ साली प्रक्षेपित झालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर ३.७ मीटर व्यासाची प्रत्येकी एकच मोठी परावर्तक थाळी आहे आणि ती एस व एक्स अशा दोन्ही पट्ट्यांसाठी योजलेली आहे. हे साधते ते थाळीसमोरील लहान उपपरावर्तकामुळे. एक्स पट्ट्यातील लहरींना तो आरशासारखा परतवतो, तर एस पट्ट्यातील लहरींना आरपार जाऊ देतो. अशा पृष्ठभागास कंप्रता-निवडक पृष्ठभाग म्हणतात. दुसऱ्या थाळीचे वजन आणि जागा त्यामुळे वाचते.

पातळ विद्युत्‌ अपारक पत्र्यावर एकाच आकाराचे धातूचे घटक ठरावीक अंतराने छापले, की असा पृष्ठभाग तयार होतो. चौकोनी वलयाचा परिघ तरंगलांबीइतका झाला की अनुस्पंदन घडते व लहर परावर्तित होते. १२ गिगाहर्ट्‌झला तरंगलांबी २५ मिलिमीटर असते. म्हणजे वलयाची बाजू सुमारे ६ मिलिमीटर, आणि दोन वलयांच्या केंद्रांतील अंतर सुमारे ७ मिलिमीटर. खरी अडचण येथेच सुरू होते. हाच पृष्ठभाग ३० गिगाहर्ट्‌झच्या लहरींना पारदर्शक हवा असेल, तर ४५ अंशांच्या आपाती कोनास हे अंतर ५.९ मिलिमीटरपेक्षा कमी असावे लागते. अन्यथा लहरीला नको त्या दिशांनी फाटे फुटतात आणि ऊर्जा वाया जाते. घटक संहत करण्याची निकड या अटीतून उद्भवते. केवळ जागेच्या काटकसरीतून नव्हे.

अनुस्पंदन कंप्रता प्रेरकत्व व धारिता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात असते. घटकाचा आकार न वाढवता कंप्रता निम्मी करावयाची, तर हा गुणाकार चौपट करावा लागतो. वलयाची रेषा नागमोडी केली की प्रेरकत्व वाढते. शेजारच्या घटकांची टोके कंगव्याच्या दातांसारखी एकमेकांत गुंतवली की धारिता वाढते. दोन्ही मार्ग एकसारखे नाहीत. परावर्तक वलयात केवळ प्रेरकत्व वाढवल्यास पट्टरुंदी आक्रसते. शिवाय बारीक व लांब रेषेतील रोधामुळे ऱ्हासही वाढतो. म्हणून धारितेचा मार्ग अधिक श्रेयस्कर वाटतो. सरबंदी व बेहदाद यांनी २००७ मध्ये मांडलेल्या रचनेत पातळ पत्र्याच्या एका बाजूस धातूच्या चकत्या व दुसऱ्या बाजूस तारांची जाळी आहे. चकत्या धारिता पुरवतात, जाळी प्रेरकत्व; त्यांपैकी कोणताही घटक स्वतंत्रपणे अनुस्पंदित होण्याइतका मोठा असावा लागत नाही. तो पृष्ठभाग मात्र निवडक पट्टा आरपार सोडणारा आहे. तेथे धारिता वाढवली की पट्टरुंदी घटते. वरील पसंती त्यामुळे परावर्तक रचनेपुरतीच ग्राह्य धरावी.

धारिता अरुंद फटींवर अवलंबून ठेवली, की छपाईतील किंचित चूकही भोवते. धारिता ४ टक्क्यांनी वाढल्यास कंप्रता सुमारे २ टक्क्यांनी, म्हणजे १२ गिगाहर्ट्‌झला २४० मेगाहर्ट्‌झने, खाली सरकते. उपग्रहावरील ट्रान्सपाँडरची पट्टरुंदी मात्र पुष्कळदा ३६ मेगाहर्ट्‌झच असते.