पावसाचं खातं समुद्रात

मयूरेश्वराच्या दर्शनाला मोरगावात प्रथमच येणारा माणूस करा नदीकडे बघतो आणि हमखास विचारतो, "पाणी कुठं आहे?" बारामती म्हटलं की लोकांना ऊस आठवतो. पण मोरगाव, सुपे, लोणी भापकर हा तालुक्यातला जिराईत भाग. इथं बाजरी, ज्वारी, शेळ्या-मेंढ्या, आणि मृग लागला की आभाळाकडे लागलेले डोळे.

२००२ साली मी या भागातल्या एका बँक शाखेत अधिकारी होतो. मे महिना म्हणजे पीककर्जाचा हंगाम. टेबलासमोर रांग, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, "साहेब, यंदा पाऊसपाणी कसं म्हणतायत?" त्या वर्षी सरासरीइतक्या पावसाचा अंदाज होता. मीही तोच सांगत होतो. रांगेत एक शेतकरी होते, त्यांना सगळे आण्णा म्हणत. त्यांनी माझ्या शब्दावर नेहमीपेक्षा चार एकर जास्त बाजरी पेरली. जून बरा गेला. मग जुलै आला आणि आभाळ कोरडं पडलं. देशभर त्या जुलैत सरासरीच्या निम्मासुद्धा पाऊस झाला नाही. हंगामाअखेर तूट एकोणीस टक्क्यांवर गेली. आण्णांची बाजरी वीतभर होऊन करपली. दुबार पेरणी केली, तीही गेली. दिवाळीआधी बैलजोडी बाजार दाखवून आली.

वसुलीला गेलो तेव्हा मला मान वर करवत नव्हती. आण्णांनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाले, "साहेब, तुमचं काय चुकलं? सांगणाऱ्यालाच कळलं नव्हतं."

ते वाक्य मी विसरलो नाही. सांगणाऱ्याला कळायचं तर काय लागतं, याचं उत्तर मात्र मला वीस वर्षांनंतर मिळालं, तेही आण्णांच्याच ओट्यावर.

आण्णांचा धाकटा मुलगा त्या दुष्काळात दहा वर्षांचा होता. पुढं शैक्षणिक कर्ज काढून इंजिनिअर झाला, आणि आता समुद्रात उपकरणं बसवणाऱ्या एका तुकडीत काम करतो. मोरगावात वाढलेल्या या पोरानं अठराव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता! गेल्या भाद्रपदात मी यात्रेला गेलो, तेव्हा तोही सुटीवर आला होता. ओट्यावर कागदांचा एक मोठा तक्ता पसरून बसला होता. म्हणाला, "काका, जानेवारीत बोट निघायचीय. त्याची जुळवाजुळव चाललीय."

वाचकहो, त्याच्याकडून जे समजलं ते थोडक्यात सांगतो. भर समुद्रात जागोजागी बोये तरंगत असतात. बंदराच्या तोंडाशी असतात तसलेच, पण उपकरणांनी लगडलेले. वर वारा, हवेचा दाब, तापमान आणि पाऊस मोजायची यंत्रं. खाली लांबच लांब दोर, आणि त्या दोरावर ठराविक अंतरानं पाण्याचं तापमान आणि खारेपणा मोजणारी उपकरणं. तळाशी टनावारी वजनाचा नांगर. मोजलेलं सारं उपग्रहामार्फत किनाऱ्यावर येतं. आपल्याकडे चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनं १९९७ पासून हे काम हाती घेतलं. त्यांच्या खोल समुद्रातल्या बोयांचं नाव 'ओम्नी', आणि ते पाचशे मीटर खोलीपर्यंतची खबर देतात. २००४ पासून भारत, अमेरिका, जपान, इंडोनेशिया अशा देशांनी मिळून हिंदी महासागरात आणखी एक मालिका उभारली, तिचं नाव 'रामा'. आण्णांना हे नाव फार आवडलं.

"मग एकदा बसवलं की झालं ना?" मी विचारलं. तो हसला. "काका, तिथंच तर सगळी गंमत आहे."

खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं. उपकरणांवर शेवाळ आणि शिंपले चढतात, आकडे हळूहळू खोटे पडू लागतात. बॅटऱ्या उतरतात. बोयाखाली मासे जमतात, म्हणून मच्छीमार आपली होडी त्यालाच बांधतात. दोर तुटतो, कधी सौरपट्ट्याही गायब होतात. म्हणून दरवर्षी कुणीतरी तिथं जावं लागतं. जुना बोया उचलायचा, नवा सोडायचा.

आता ते जाणं किती सोपं पाहा. बोटी मोजक्या आणि मागणारे पुष्कळ, तेव्हा बोटीचे दिवस फार आधी मागून ठेवायचे. दुसऱ्या देशाच्या हद्दीतल्या पाण्यात मोजमाप करायचं असेल, तर आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार सहा महिने आधी कळवायचं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, त्याच्या आगेमागे चक्रीवादळांचा हंगाम. म्हणून बंगालच्या उपसागरात काम करायचं ते शक्यतो जानेवारी ते मार्च. चेन्नईहून ९० पूर्व रेखांश आणि १५ उत्तर अक्षांशावरच्या जागेपर्यंत साधारण साडेपाचशे सागरी मैल. ताशी दहा मैलांनी निघालात तर अडीच दिवस नुसतं पाणी. तिथं एक स्क्रू विसरला असं लक्षात आलं, तर आणायला दुकान नाही! म्हणून प्रत्येक गोष्टीची जोडी न्यायची. कुठल्या बोयाचं सामान आधी लागणार, त्या हिशेबानं ते डेकवर रचायचं.

जागेवर पोचल्यावर बोटीतून पाण्याखाली आवाजाचा संकेत सोडतात. तो ऐकून तळाजवळचं कुलूप उघडतं, दोर नांगरापासून सुटतो आणि बोया वर ओढून घेता येतो. नवा बसवताना आधी बोया पाण्यात, मग मैलोगणती दोर, आणि सगळ्यात शेवटी नांगर. अमेरिकन मंडळी नांगर म्हणून आगगाडीची भंगारातली चाकं वापरतात. मग शेजारीच दुसरं एक तपासलेलं उपकरण खोल सोडून, दोघांचे आकडे जुळतात का ते पाहतात. हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. पासबुक आणि लेजर जुळवणं ते हेच! आकडा आला म्हणून तो खरा मानायचा नाही, हे बँकेत आम्ही पहिल्या दिवशी शिकतो.

पण बंगालच्या उपसागराचा मोरगावशी काय संबंध? फार जवळचा आहे. सह्याद्री अरबी समुद्राचा पाऊस अडवून घेतो. आपल्या वाट्याला जो चांगला पाऊस येतो, तो बहुधा सप्टेंबरात, उगवतीकडून. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि पश्चिमेकडे सरकतात, त्यांचं ते देणं. समुद्राचं पाणी साधारण २८ अंशांच्या वर तापलेलं असेल, तरच तिथं असे मोठे ढग बांधले जातात, हे १९८४ साली दाखवून देणाऱ्या शास्त्रज्ञांत पुण्यात जन्मलेल्या डॉ. सुलोचना गाडगीळ होत्या. गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी या उपसागरावर पातळ सायीसारखं पसरतं आणि वरचा थर गरम ठेवतं. उपग्रहाला वरची साय दिसते. तिच्याखाली खोलवर काय चाललंय, ते पाण्यात उतरूनच कळतं.

आणखी एक गोष्ट. १९९७ मध्ये प्रशांत महासागरात एल निनोनं थैमान घातलं, तेव्हा आपल्याकडे दुष्काळ पडणार अशी सर्वांना भीती होती. प्रत्यक्षात पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्तच झाला. असं का व्हावं? १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी 'नेचर'मध्ये निबंध लिहून हिंदी महासागराचा स्वतःचा एक झोका दाखवून दिला. त्याची पश्चिम बाजू तापते तेव्हा सुमात्राजवळची पूर्व बाजू थंड होते. असा झोका आपल्या पावसाला हात देऊ शकतो, हे त्यानंतर उमगत गेलं. २०१९ मध्ये तो फार जोराचा होता, आणि देशात दहा टक्के जास्त पाऊस झाला. त्याच सप्टेंबरात नाझरे धरणातून पाणी सुटलं आणि आमची कोरडी करा अशी फुगली की बारामतीत लोकांना घरं सोडावी लागली. एका पुराचं खापर एका झोक्यावर फोडता येत नाही. पण दुष्काळ काय किंवा पूर काय, त्याच्या हिशेबातली मोठी रक्कम समुद्राच्या खात्यात असते, एवढं खरं.

आणि ते खातं कुणी पाहिलंच नाही तर? तसंही घडलं आहे. १९८२-८३ चा एल निनो जगाला वेळेवर ओळखता आला नाही, म्हणून प्रशांत महासागरात सत्तरच्या आसपास बोयांची माळ उभारली गेली. १९९४ मध्ये ती पूर्ण झाली. २०१२ मध्ये अमेरिकेनं पैसे वाचवायला तिची देखभाल करणारी बोट बंद केली. बोये तिथंच होते. पण दोन वर्षांत त्यांच्याकडून येणारी माहिती चाळीस टक्क्यांच्या आसपास घसरली. मग धावाधाव करून गाडी रुळावर आणावी लागली. आपल्या महासागराच्या पश्चिम भागात सोमाली चाच्यांमुळे बोये बसवणंच कित्येक वर्षं रखडलं होतं.

हे ऐकताना मला आमच्याकडचे पाझर तलाव आठवत होते. उद्घाटनाला फीत, नारळ आणि फोटो. गाळ काढायची वेळ आली की कुणीच नाही. कर्जमंजुरीचा कार्यक्रम होतो, पुढच्या पाहणीला जाणारा माणूस मात्र एकटाच मोटारसायकलवर असतो. नवं उभारणाऱ्याचं नाव पाटीवर लागतं. उभारलेलं चालू ठेवणाऱ्यासाठी पाटी नसते.

जुन्या सवयीनं मी त्या तक्त्याची बेरीज करून पाहिली. तीस दिवस. त्यातले बरेचसे नुसते जाण्यायेण्याचे. शेवटी चार दिवसांपुढं काहीच लिहिलेलं नव्हतं.

"हे कशाचे?"

"हवा बिघडली तर. ते राखीव ठेवावेच लागतात."

तरतूद! पोराला कर्ज देण्यात कुणाची चूक झाली नव्हती.

आण्णा इतका वेळ अडकित्त्यानं सुपारी कातरत ऐकत होते. त्यांनी कामाचा प्रश्न विचारला, "मग आता आपल्या शिवारात कधी पडणार, ते सांग की."

पोरगा सरळ बोलला. "आण्णा, तुमच्या वावरात अमुक तारखेला पडेल, असं माझा बोया सांगणार नाही. पण अंदाज बांधणाऱ्याला दोन आठवडे पुढचं जरा नीट दिसेल. पेरायचं की थांबायचं, एवढं ठरवायला त्याची मदत होईल."

आण्णा काही बोलले नाहीत. २००२ मध्ये थांबण्याचे दोन आठवडे मिळाले असते तर काय काय वाचलं असतं, याचा हिशेब त्या ओट्यावर आम्हा दोघांनाच ठाऊक होता. मग ते उठले आणि घरात डोकावून सुनेला म्हणाले, "पोरी, जानेवारीत हा बोटीवर जाईल, तेव्हा बाजरीचं पीठ बांधून दे. महिनाभर तिथं काय खायला घालतात कुणास ठाऊक."

पोरानं मुकाट्यानं पेन काढलं आणि सामानाच्या यादीत खाली एक ओळ वाढवली.