परिक्रमेला निघताय? बरसाती आधी घरीच भिजवून पाहा

कार्तिकी एकादशी झाली की नर्मदा परिक्रमेचे दिवस सुरू होतात. चातुर्मासात परिक्रमावासी चालत नाहीत, एका जागी मुक्काम करतात. त्यामुळे महाराष्ट्रातून पहिल्यांदा निघणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न असतो : पाऊस संपल्यावरच जायचं, मग रेनकोटचं ओझं कशाला? धार-देवासमध्ये पवारांच्या काळापासून राहिलेल्या मराठी घरांकडे याचं उत्तर एका शब्दात आहे. मावठा!

मावठा म्हणजे माळव्यातला हिवाळी पाऊस. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांमुळे तो पडतो. गहू-हरभऱ्याला मानवतो म्हणून शेतकरी खूश असतो, चालणाऱ्याचे मात्र हाल. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने नोव्हेंबरमध्ये निघून, समुद्रापाशी नावेने पलीकडे जाऊन उत्तर तटाने परतणारा माणूस साधारण डिसेंबर-जानेवारीत धार जिल्ह्यात असतो. महेश्वर मागे टाकल्यावर पुढे देवास जिल्ह्यातलं नेमावर. नेमके थंडीचे दिवस, रात्री पारा अनेकदा १० अंशांखाली. अशात अंग भिजलं आणि वारा सुटला तर शरीराची ऊब भराभर निघून जाते, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं. त्यासाठी बर्फच पडायला हवा असं नाही. थडथड कापणं, जीभ जड होणं, चालताना तोल जाणं ही धोक्याची लक्षणं. साठीपुढच्यांनी तर हे जास्तच लक्षात ठेवावं.

लेबलवरचा आकडा

जॅकेटवर '१०,००० एमएम' असं लिहिलेलं असतं. म्हणजे त्या कापडावर १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब येईपर्यंत ते गळत नाही. पण ही चाचणी कापडाच्या तुकड्याची असते, शिवलेल्या कपड्याची नव्हे. पाणी शिरतं ते शिवणीतून, चेनमधून, गळ्यापाशी. आणि सॅकचे पट्टे जिथे खांदा दाबतात, तिथून तर हमखास.

म्हणून पहिली परीक्षा घराच्या अंगणात. आत फिक्या राखाडी रंगाचा जुना सुती सदरा घालावा, त्यावर ओला डाग लगेच दिसतो. वरून बरसाती, पाठीवर भरलेली सॅक. मग घरातल्या कुणाला तरी पाइप धरायला लावून १५ मिनिटं वरून पाणी घ्यावं. नुसतं उभं राहू नये. हात वर करावे, वाकावं, बुटाची नाडी बांधून पाहावी. सदरा कुठे भिजला ते पाहून शिवणीला आतून सीलंट किंवा टेप लावता येते. वरून थेंब ओघळण्याऐवजी कापडच गडद होऊन पाणी पीत असेल, तर वरचा लेप गेला आहे. असं कापड आत गळलं नाही तरी जड होतं, घाम बाहेर सोडत नाही.

घामाचं काय?

खरी गोची इथे आहे. पुष्कळांना वाटतं रेनकोट गळला, प्रत्यक्षात ते आतून घामाने भिजलेले असतात. दोन्हींतला फरक कळायला कोरड्या दिवशी तोच रेनकोट, तीच सॅक घेऊन देवासच्या माताजीच्या टेकडीच्या पायऱ्या चढाव्या. (रोपवेने जाऊ नये, हे सांगायला नको!) वर पोहोचेपर्यंत पाठ ओली झाली असेल, तर तो पाऊस नव्हे. काखेखाली चेन असलेलं जॅकेट किंवा मोकळा पोंचो इथे बरा पडतो.

पोंचो स्वस्त, सॅकही झाकतो, रात्री खाली अंथरता येतो. पण वाऱ्यात त्याचं शीड होतं. हे दुकानात कळत नाही. मांडूला रूपमती महालाच्या गच्चीवर किंवा देवासजवळ पवनचक्क्यांच्या टेकड्यांवर वाऱ्याच्या दिवशी घालून पाहिलं की कळतं. कमरेला साधी नाडी बांधली तर बराच आवरतो. समुद्र ओलांडताना नावेत अंगावर वारा आणि तुषार दोन्ही येतात, तिथेही ही नाडी कामी येईल.

एवढ्यावर थांबू नये. संध्याकाळी सगळे कपडे भिजवून, पिळून, सावलीत टांगावे आणि सकाळी हात लावून पाहावा. आश्रमात, धर्मशाळेत ऊन मिळेलच असं नाही. जाड सुती कपडे आणि जीन्स या परीक्षेत नापास होतात. लोकर भिजली तरी थोडीफार ऊब धरते, घोंगडीची महती उगाच नाही. पण ओली घोंगडी पाठीवर वाहून नेणं हे वेगळंच संकट. त्यापेक्षा एक पातळ लोकरी बनियन, सदरा-पायजमा आणि मोजे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सॅकच्या तळाशी ठेवावे. हा जोड फक्त झोपताना घालायचा. सकाळी कितीही जिवावर आलं तरी चालायला कालचेच ओले कपडे.