रेल्वे अप्रेंटिस आणि नोकरी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात आयटीआय झालेल्या मुलाला रेल्वेची अप्रेंटिसशिप मिळाली की ‘पोरगा रेल्वेत लागला’ असे घरोघरी धरले जाते. प्रत्यक्षात तो लागलेला नसतो. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यानुसार अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे, आणि प्रशिक्षण संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन रेल्वेवर नाही.

हा समज हवेतून आलेला नाही. 2004 पासून काही वर्षे रेल्वे आपल्या अप्रेंटिसांना जागा असतील तसे ‘सब्स्टिट्यूट’, म्हणजे बदली कर्मचारी, म्हणून घेत असे. पुढे ती वाट बंद झाली आणि तिच्या जागी लेव्हल-1 च्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीच्या, भरतीत अप्रेंटिसांसाठी 20 टक्के वाटा आला. 2019 च्या भरतीत 1,03,769 पैकी 20,734 जागा या वाट्याच्या होत्या. मात्र त्यासाठीही लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी पार करावीच लागते. 20 मार्च 2018 रोजी माटुंगा-दादर दरम्यान अप्रेंटिस रुळांवर उतरले आणि लोकल काही तास थांबल्या, तेव्हा त्यांची मुख्य तक्रार 20 टक्क्यांच्या याच मर्यादेविषयी होती. वर्षभर कारखान्यात राबलेल्या मुलांची ती तक्रार समजण्याजोगी होती.

अप्रेंटिसशिप वशिल्याने मिळते, हा दुसरा समज. मध्य रेल्वेची गुणवत्ता यादी दहावीच्या आणि आयटीआयच्या गुणांच्या सरासरीवर लागते. दहावीला किमान 50 टक्के हवेत. कल्याणचे लोको शेड, परळ आणि माटुंग्याचे कारखाने, वाडीबंदर ही मुंबई विभागातली ठिकाणे याच यादीतून भरतात. म्हणजे दहावीत हलगर्जीपणाने गेलेले गुण तीन-चार वर्षांनी आडवे येतात, आणि ही गोष्ट शाळेतच सांगायला हवी.

ट्रेड कोणताही चालतो, असेही नाही. माटुंग्याच्या कारखान्यात वेल्डर, सुतार, पेंटर यांना अप्रेंटिस म्हणून जागा असते. पण पुढे असिस्टंट लोको पायलटच्या नोकरीसाठी ठरलेल्या ट्रेडच्या यादीत फिटर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक, टर्नर असे मोजकेच येतात. शिवाय त्या पदाला चष्म्याविना 6/6 दृष्टी लागते, आणि लेझरने नंबर घालवलेला उमेदवार अपात्र ठरतो. चष्मा काढायला ऑपरेशन करून घेणाऱ्या मुलांना हे बहुधा फार उशिरा कळते.

अप्रेंटिसशिपचे राष्ट्रीय प्रमाणपत्र फक्त रेल्वेतच उपयोगी, हा समज सगळ्यात नुकसानकारक. अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांना यंत्रे चालती ठेवायला फिटर आणि इलेक्ट्रिशियन लागतातच. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरीही अप्रेंटिस घेते. कायदा मात्र तिथेही तोच आहे, त्यामुळे प्रशिक्षणानंतरच्या नोकरीची हमी तिथेही नाही.