पिसे आणि अंडी : कोंबडीचा जमाखर्च

दिवाळीच्या सुमारास एखाद्या घराच्या परसात गेलात, तर खुराड्याभोवती पिसांचा सडा पडलेला दिसण्याचा संभव आहे. कोंबडीची मान उघडी पडलेली, शेपूट झडलेली, तुरा फिकट आणि आक्रसलेला. अंडी तर केव्हाच बंद झालेली असतात. मग घरात कोणीतरी म्हणते, "ही आता कामातून गेली. येत्या रविवारी कापून टाका."

पण थांबा! हा निकाल देण्यापूर्वी आपण कोंबडीचा जमाखर्च तपासून पाहू.

प्रथम खर्च. सुमारे ५५ ग्रॅम वजनाच्या अंड्यात ६ ते ७ ग्रॅम प्रथिने असतात. त्याचे कवच साधारण ५ ग्रॅम भरते आणि ते जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेट असते. या संयुगाच्या १०० भागांत ४० भाग कॅल्शियम असते, हे तुम्ही रसायनशास्त्रात शिकला आहात. म्हणजे एका कवचाला २ ग्रॅम कॅल्शियम लागले.

आता जमा पाहा. कोंबडीला दिवसाला १०० ग्रॅम नुसती ज्वारी घातली, असे समजू. त्यातून सुमारे १० ग्रॅम प्रथिने मिळतात. पण ती सगळी अंड्याच्या कामी येत नाहीत. शरीराची रोजची झीजही त्यातूनच भरून काढायची असते. कॅल्शियम मात्र मिळते अवघे २५ मिलिग्रॅम! नुसत्या ज्वारीतून एका कवचाचे कॅल्शियम मिळवायचे, तर ८ किलो ज्वारी खावी लागेल.

मग कवच तयार होते तरी कसे? ते बनायला सुमारे २० तास लागतात आणि त्यातला बराच काळ रात्रीचा असतो. त्या वेळी कोंबडी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम उसने घेते. मोकळी फिरणारी कोंबडी किडे, गोगलगायी, चुनखडीचे खडे टिपून हे कर्ज बऱ्याच अंशी फेडते. कोंडून ठेवलेलीला ती सोय नाही. कर्ज थकले की कवच पातळ होते, हाडे ठिसूळ होतात आणि शेवटी अंडी थांबतात.

आता पिसांकडे वळू. पिसाच्या दहा भागांपैकी जवळजवळ नऊ भाग केराटिन नावाचे प्रथिन असते. त्यात गंधक असते. पीस जाळल्यावर येणारा उग्र वास त्याचाच. वर्षभर अंडी घातल्यावर दिवस लहान होऊ लागले, की कोंबडी जुनी पिसे टाकून नवी घेते. (मुंबईत जूनमधला सव्वातेरा तासांचा दिवस डिसेंबरात ११ तासांवर येतो.) काही दिवस दाणापाणी कमी पडले, तरी अवेळी पिसे झडू शकतात. अंडी आणि पिसे, दोन्हींचा खर्च एकाच तिजोरीतून होतो. म्हणून या काळात कोंबडी अंडी थांबवते. हा आजार नव्हे.

नेमकी येथेच आपली चूक होते. "अंडी देत नाही, मग दाणा कशाला?" असे म्हणून आपण तिचा दाणा तोडतो. पिसांमध्ये अडकलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असते. ते पांघरूण गेल्यावर सुमारे ४१ अंश सेल्सियस तापमानाच्या शरीरातून उष्णता झपाट्याने बाहेर जाते. म्हणजे या दिवसांत तिला अन्न जास्तच हवे!

म्हणून ज्वारीत बुरशी न लागलेली शेंगदाण्याची पेंड किंवा थोडे सुकट मिसळा. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. गरजेप्रमाणे ती स्वतःच खाईल. स्वच्छ पाणी सतत हवे. असे केल्यास बहुधा दोन-तीन महिन्यांत नवी पिसे येतात आणि अंडी पुन्हा सुरू होतात. वय वाढेल तशी अंडी कमी होतात, हे खरे. कोंबडी खुडूक झाली तरी अंडी थांबतात. ती मलूल दिसली किंवा हगवण लागली, तर मात्र पशुवैद्याला दाखवा.

घरी कोंबड्या असतील, तर एक वही करा. तारीख, दाणा, अंडी आणि पंखाची गळलेली मोठी पिसे यांची रोज नोंद ठेवा. पिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवा. तीन महिन्यांनी ती वही घरच्यांपुढे ठेवा आणि मगच रविवारचे ठरवा.