गिअरलेस गाडीलाही गिअर असतात, बॉस!

आपण रोज पळवतो त्या ऑटोमॅटिक स्कूटरच्या पोटात दोन वेगवेगळी ऑइलं असतात. त्यातलं एक बदलताना मी दुसऱ्याचाच बोल्ट उघडला. त्या रविवारी शिकलेल्या गोष्टी तुमच्यासाठी.

रविवारची सकाळ. पार्किंगमध्ये जुना पेपर अंथरलेला, शेजारी ऑइलचा नवा कॅन, हातात बारा नंबरचा पाना आणि डोक्यात दोन व्हिडिओ पाहून आलेला कॉन्फिडन्स. आईच्या स्कूटरचं इंजिन ऑइल मी घरीच बदलणार होते. मागच्या चाकाजवळचा बोल्ट दिसला, तो उघडला. ऑइल आलं. तेही फारसं काळं नाही. म्हटलं, वा, आईने गाडी छान ठेवलीय! बोल्ट लावला आणि अख्खा कॅन इंजिनात ओतला.

पहिल्या मजल्यावरचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. जिना उतरता उतरता त्यांनी विचारलं, "किती निघालं गं?"

"हे एवढंच." मी डबा दाखवला. जेमतेम अर्धा ग्लास.

"आणि ओतलंस किती?"

"सातशे मिली."

काका शांतपणे म्हणाले, "आता किल्लीला हात लावू नकोस."

मी गिअर ऑइल काढलं होतं आणि इंजिनातल्या जुन्या ऑइलवर नवं ओतलं होतं. इंजिन दुप्पट भरलेलं, गिअर बॉक्स कोरडा. सोमवारी सकाळी आई याच गाडीवरून कामावर निघाली असती.

गिअर नाहीत, मग गिअर ऑइल कशाला?

'गिअरलेस' म्हणजे आपल्याला गिअर टाकावे लागत नाहीत, एवढंच. आत दोन पुली आणि त्यांच्यावर एक रबरी बेल्ट असतो. वेग वाढला की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर सरकतात, बेल्ट वर चढतो आणि गाडीला न टाकताच 'वरचा गिअर' मिळतो. यालाच सीव्हीटी म्हणतात. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये याच तत्त्वावरची छोटी कार दाखवली होती. आपल्याकडे १९८० च्या दशकात कायनेटिक होंडामुळे हा प्रकार घराघरांत पोचला.

बेल्टकडून आलेली ताकद क्लचमार्गे मागच्या चाकापाशी एका छोट्या डबीत जाते. तिथे खरेखुरे दातेरी गिअर असतात आणि ते ऑइलमध्ये बुडालेले असतात. हे ऑइल किती? बहुतेक स्कूटरमध्ये शंभर-सव्वाशे मिली. इथे पेट्रोल जळत नाही, म्हणून ते इंजिन ऑइलसारखं काळंकुट्ट होत नाही. पण धातूची बारीक पूड आणि ओलावा त्यात मिसळत राहतो. कमी निघणं आणि स्वच्छ दिसणं, या दोन्ही खुणा माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मी खूश होण्यात बिझी होते.

मग काकांनी शिकवलेली पद्धत

आधी इंजिनातलं सगळं ऑइल काढून मापाने नवं भरलं. (हो, आणखी एक कॅन. पॉकेटमनी गेला.) मग गिअर ऑइल.

गाडी मेन स्टँडवर, सपाट जमिनीवर. ऑइल कोमट असलं की पटकन वाहतं. पण आमची डबी रिकामी, म्हणून गाडी चालू करायचा प्रश्नच नव्हता. तुम्ही एक छोटी चक्कर मारून या, सायलेन्सर निवू द्या आणि मग बसा.

आधी वरचा, म्हणजे भरायचा बोल्ट उघडायचा, नंतर खालचा. का? खालून ऑइल काढलं आणि वरचा बोल्ट जाम निघाला, तर भरणार कुठून?

ऑइल निथळलं की खालचा बोल्ट नवा वॉशर घालून लावायचा. इथे ताकद दाखवायची नाही. केसिंग ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की खर्च वाढतो. नवं ऑइल मेडिकलमधून आणलेल्या मोठ्या सिरिंजने, मापून भरायचं. ग्रेड आणि माप मॅन्युअलमध्ये असतं. ते सीटखाली किंवा घरातल्या फाइलमध्ये सापडतं, शोधा!

त्याच बैठकीत एअर फिल्टरही पाहिला. आमचा कागदी होता. तो पेट्रोलने धुवायचा नाही की हवा मारून साफ करायचा नाही. खराब झाला की बदलायचा.

बाबांच्या कारचं काय?

ऑटोमॅटिक कारवर मात्र हा प्रयोग नको. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअर बॉक्समध्ये फ्लुइड फक्त वंगणाचं काम करत नाही, त्याच्या दाबावर आतले क्लच चालतात. खालचं पॅन उघडलं तरी बरंचसं फ्लुइड कन्व्हर्टरमध्येच राहतं. लेव्हलही ठरावीक तापमानाला तपासावी लागते. सीव्हीटीचं फ्लुइड वेगळं, ड्युअल क्लचचं वेगळं. चुकीचं पडलं तर बिल बाबांच्या नावाने येतं आणि बोलणी तुमच्या.

हे विसरू नका

• गाडी वॉरंटीत असेल, तर सर्व्हिस सेंटरलाच जा.
• बोल्ट उघडण्याआधी मॅन्युअलमधल्या चित्राशी जुळवून बघा.
• जेवढं निघालं, तेवढंच भरायचंय का? आधी मोजा, मग ओता.
• ब्रेक आणि टायरवर ऑइल उडू देऊ नका.
• वापरलेलं ऑइल गटारात नको. ते घातक कचऱ्यात मोडतं. बाटलीत भरून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या.

संध्याकाळी मी स्वतः दोन चकरा मारल्या, खाली वाकून गळती पाहिली आणि मगच आईला किल्ली दिली. सकाळचा किस्सा ऐकल्यावर ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी मलाही बोलाव. मलाही शिकायचंय."